ठोकताळ्याची सनद

नळवाहिनीतून वायू आणि द्रव एकत्र वाहू लागले म्हणजे कित्येकदा द्रवाचे लांबच लांब बोळे आणि त्यांच्यामध्ये वायूचे तितकेच लांब बुडबुडे अशा आळीपाळीने धक्के देत जाणारा जो प्रवाह उत्पन्न होतो, आणि ज्याला तेल-उद्योगात स्लग-प्रवाह म्हणतात, त्याचे गणिती प्रतिमान रचणे हा विद्यापीठीय मंडळींचा बौद्धिक विलास असून प्रत्यक्ष कामात त्याचा उपयोग जवळजवळ नाही, असे मत आपल्याकडील संकल्पनाच्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. या मताची कैफियत थोडक्यात अशी: स्लग स्वभावतःच अनियमित, एकाची लांबी दुसऱ्याशी जुळत नाही, समीकरणे कितीही लिहिली तरी शेवटी त्यांत प्रयोगांतून काढलेले गुणांक घालावेच लागतात, तेव्हा आरंभीच एखादे अनुभवजन्य सूत्र घ्यावे, त्यावर सुरक्षिततेसाठी दीडपट-दुप्पट तरतूद करावी आणि पुढच्या कामास लागावे. हे मत मांडणारी माणसे अनुभवी आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या हाताखाली मी हे काम शिकलो आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर आजही कमी झालेला नाही. परंतु ज्या अनुभवाची ग्वाही हे मत देते त्या अनुभवाशीच ते विसंगत आहे अशी माझी खात्री झाली आहे, आणि ती खात्री मनात ठेवून गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जवळजवळ आडव्या नळातून वायू आणि द्रव सावकाश वाहत असले तर द्रव तळाशी आणि वायू वर असे दोन थर शांतपणे चालतात. वायूचा वेग वाढला म्हणजे दोहोंच्या सीमेवर लाटा उठतात; लाटेच्या माथ्यावरून जाताना वायूची वाट अरुंद होते, म्हणून त्याचा वेग वाढतो, वेग वाढला म्हणून दाब घटतो, आणि घटलेला दाब लाटेला आणखी वर ओढतो. गुरुत्वाकर्षण तिला खाली बसवू पाहते. पण ओढ भारी पडली तर लाट नळाच्या छताला टेकते, वाट बंद होते, आणि मागे कोंडलेला वायू त्या द्रवाच्या बोळ्याला दट्ट्यासारखा पुढे लोटू लागतो. पुढे पसरलेल्या थरातील संथ द्रव हा बोळा आपल्या तोंडाने उचलत जातो आणि शेपटीकडून द्रव मागे सांडत जातो. उचल अधिक असेल तर स्लग वाढतो, सांड अधिक असेल तर खंगतो, आणि दोन्ही सारखी झाली म्हणजे तो आपली लांबी राखून मैलोगणती प्रवास करतो. हा सरळसरळ जमाखर्च आहे. आणि १९७५ साली ह्यूस्टनच्या डक्लर आणि हबर्ड यांनी जे प्रतिमान प्रसिद्ध केले त्याचा गाभा हाच, की स्लगमुळे होणारा दाबाचा ऱ्हास म्हणजे उचललेल्या संथ द्रवाला स्लगच्या वेगाला आणण्यासाठी पडणारा खर्च अधिक स्लगच्या अंगाचे नळाशी होणारे घर्षण.

या धक्क्यांचे मोल कागदावर सहज काढता येते. २० सेंटिमीटर व्यासाच्या नळात, घनमीटरला ८०० किलोग्रॅम घनतेचे तेल सेकंदाला १० मीटर वेगाने काटकोनी वळणावर आदळले, तर त्या वळणावर सुमारे साडेतीन हजार न्यूटन बल येते. स्लग निघून गेला आणि वायूचा बुडबुडा आला की ते जवळपास नाहीसे होते. पुढचा स्लग आला की पुन्हा तितकेच. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली सापडलेल्या आणि १९७६ पासून तेल देऊ लागलेल्या बॉम्बे हाय क्षेत्रात विहिरींच्या प्लॅटफॉर्मवरून प्रक्रियेच्या प्लॅटफॉर्मकडे समुद्रतळावरून जाणाऱ्या वाहिन्यांत तेल, वायू आणि पाणी तिन्ही एकत्र असतात. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीच्या प्रयोगशाळांचा आहे, आपला नव्हे, असे म्हणण्याची मुभा आपल्याला नाही.

आता ठोकताळ्याकडे वळू. स्लगची लांबी व्यासाच्या तिसपट धरावी, हा या व्यवसायातील जुना शिरस्ता. तो खोटा नाही. दोन-चार सेंटिमीटर व्यासाच्या नळांत हवा आणि पाणी यांवर केलेल्या प्रयोगांत लांबी खरोखरच त्याच्या आसपास येते. परंतु अलास्कातील प्रुडो बे क्षेत्रात १२ आणि १६ इंची वाहिन्यांवर मोजमापे झाली आणि ती १९८१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तेथील स्लग व्यासाच्या कित्येक शेकडो पटींच्या घरात असल्याचे दिसले. ज्याने तिसपटीच्या हिशेबाने ४० सेंटिमीटरच्या वाहिनीसाठी बारा मीटरचा स्लग धरला आणि त्यावर उदार मनाने दुप्पट तरतूद केली, त्याच्या स्लग-कॅचरच्या, म्हणजे वाहिनीच्या टोकाशी स्लग झेलणाऱ्या टाकीच्या, दारात शंभराहून अधिक मीटर लांबीचा द्रव येऊन उभा राहिला असता. अशा ठिकाणी दीडपट-दुप्पट तरतुदीने रक्षण होत नाही, कारण ठोकताळ्याची चूक ज्या श्रेणीची आहे त्या श्रेणीची तरतूद करण्याचा विचार ठोकताळा आपल्या मनात येऊच देत नाही.

आणि पुढे काय झाले? प्रुडो बेच्या मोजमापांवरून नवे सूत्र निघाले, आणि तेच आता जगभर वापरले जाते. जी मंडळी जुन्या तिसपटीवर हसतात ती या नव्या सूत्राला बिनदिक्कत सर्व समुद्रांची सनद देतात. त्या सूत्रात नळाचा व्यास आहे, मिश्रणाचा वेग नावापुरता आहे, आणि बाकी सारे, म्हणजे अलास्कातले तेल, तेथील तापमान, तेथील जमिनीचे चढउतार, आकड्यांत विरघळून अदृश्य झाले आहे. आपल्याकडचे तेल मेणयुक्त. त्याचे वाहणे तापमानाप्रमाणे झपाट्याने बदलते. ते त्या सूत्रात कोठे घालावे? जागाच नाही. हरकत अनुभवजन्य सूत्र असण्याला नाही. आपण कोठे लागू आहोत आणि कोठे नाही हे सांगण्याची शक्ती त्याच्या अंगी नाही, याला आहे.

याउलट एका साध्या गुणांकाची कथा पाहा. १९६२ साली निक्लिन, विल्क्स आणि डेव्हिडसन यांनी उभ्या नळातील लांब बुडबुड्याचा वेग मोजून दाखवले की तो मिश्रणाच्या वेगाच्या १.२ पट असतो, अधिक त्याचा स्वतःचा तरंगण्याचा वेग. कोणाला वाटेल, १.२ हाही एक ठोकताळाच. पण त्याला कारण आहे: बुडबुड्याचे नाक आपल्या पुढच्या द्रवातील सर्वांत वेगवान धारेचा माग धरते, आणि खळाळत्या प्रवाहात नळाच्या मध्यातील वेग सरासरीच्या साधारण १.२ पट असतो. कारण कळले की गुणांक जागेवरून हलवता येतो. द्रव दाट झाला आणि प्रवाह संथ, थरांथरांचा झाला, तर मध्यातील वेग सरासरीच्या दुप्पट होतो, म्हणून गुणांकही २ च्या आसपास गेला पाहिजे, आणि तसा तो जातो. ज्याच्या वहीत नुसता १.२ लिहिलेला आहे त्याला हे कधीच कळणार नाही, आणि थंड झालेल्या मेणाळ तेलाच्या वाहिनीत तो मोठ्या निष्ठेने चुकीचा आकडा घालीत राहील.

आडव्या नळात ही गोष्ट आणखी सूक्ष्म होते. ब्रुक बेंजामिन यांनी १९६८ साली निव्वळ गणिताने दाखवले की आडवा नळ एका टोकाने मोकळा केला असता आत शिरणारा वायू गुरुत्वत्वरण आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या ०.५४२ पट वेगाने पुढे सरकतो; आणि बेंडिक्सेन यांच्या १९८४ च्या प्रयोगांतून दिसले की मिश्रणाचा वेग त्याच वर्गमुळाच्या सुमारे साडेतीनपटीहून कमी असेपर्यंत हा सरकण्याचा वेग टिकतो आणि गुणांक १.०५ च्या आसपास राहतो, मर्यादा ओलांडली की सरकणे लोपते आणि गुणांक १.२ होतो. आता सेकंदाला ३ मीटर हा एकच वेग घ्या. ५ सेंटिमीटरच्या प्रयोगशाळेतील नळात तो मर्यादेच्या वर आहे, म्हणून बुडबुडा ३.६ मीटरने धावेल; ५० सेंटिमीटरच्या वाहिनीत तोच वेग मर्यादेच्या खाली आहे, म्हणून तेथे बुडबुडा सुमारे ४.३५ मीटरने धावेल. वेग तोच, द्रव तोच, आणि तरी लहान नळात लागू असलेला नियम मोठ्या नळात लागू नाही. प्रयोगशाळेतून समुद्रात जाताना कोणता नियम बरोबर न्यायचा हे सांगणारी गोष्ट गणिताखेरीज दुसरी कोणती आहे, हे माझ्या आदरणीय प्रतिपक्षाने मला दाखवावे.

त्यांचा सर्वांत वजनदार आक्षेप मी टाळणार नाही. ते म्हणतात, तुमच्या प्रतिमानाच्या पोटातही सहसंबंधाची सूत्रेच आहेत. स्लगमध्ये द्रवाचा अंश किती, सीमेवरचे घर्षण किती, हे तुम्हीही प्रयोगांतूनच उचलता. कबूल, संपूर्णपणे कबूल. डक्लर-हबर्ड प्रतिमानाला तर स्लगची वारंवारताही बाहेरून पुरवावी लागते. परंतु जमाखर्चाच्या वहीत एखादी रक्कम अंदाजाने लिहिणे आणि वहीच न ठेवता वर्षाअखेरची शिल्लक अंदाजाने सांगणे या दोहोंत जो फरक आहे तोच येथे आहे. वही असली म्हणजे अंदाज चुकल्याचे कळते, आणि कित्येकदा कोठे चुकला तेही कळते.

याचा मला ठाऊक असलेला उत्तम दाखला नॉर्वेचा आहे. तेथील ऊर्जा-तंत्रज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात ‘ओल्गा’ नावाचे प्रतिमान रचले. आरंभी त्याची घडण लहान नळांतील, कमी दाबाच्या हवा-पाण्याच्या मोजमापांवर झाली होती. पुढे ट्रॉन्डहाइमजवळ टिलर येथे सुमारे एक किलोमीटर लांबीच्या आठ इंची नळातून उच्च दाबाची मोजमापे होऊ लागली तेव्हा रुजवात घालता घालता विसंगती उघड झाल्या: उभ्या नळात द्रव भिंतीवर आणि वायू मध्यातून जातो अशा प्रवाहात प्रतिमानाचा दाबऱ्हास पन्नास टक्क्यांपर्यंत अधिक येत होता, आणि आडव्या नळात द्रवाचा साठा काही वेळा प्रत्यक्षाच्या दुप्पट दिसत होता. ठोकताळा वापरणाऱ्याने अशा वेळी एक नवा गुणांक ठोकून दिला असता आणि फाईल बंद केली असती. वस्तुमान आणि संवेग यांचे हिशेब समोर असल्यामुळे या मंडळींना विचारता आले की कोणती रक्कम नोंदायची राहिली; आणि उत्तर सापडले, की द्रवाचा एक भाग थेंबांच्या रूपाने वायूबरोबर वायूच्याच वेगाने उडत जातो आणि वहीत त्याचे खातेच नव्हते. ते खाते उघडले, हिशेब जुळू लागले, आणि १९९१ साली बेंडिक्सेन, माल्नेस, मो आणि नुलँड यांनी हे सारे आपल्या चुकांसकट प्रसिद्ध केले. आपली चूक इतक्या उपयोगी रीतीने करणारे अनुभवजन्य सूत्र माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा आक्षेप अनियमिततेचा. स्लगच्या लांबीचे वितरण विषम आहे, लांबीचे लॉगॅरिदम घेतले असता ते सममित होते, हे प्रुडो बेच्या मोजमापांतच दिसले होते. म्हणून, म्हणतात, येथे संख्याशास्त्र चालेल, यांत्रिकी चालणार नाही. पण संख्याशास्त्राला येथे जे विचारायचे आहे ते सरासरीविषयी नाही. स्लग-कॅचर सरासरी स्लगसाठी बांधत नाहीत, हजारांतल्या एकासाठी बांधतात. आणि लांबीच्या लॉगॅरिदमचे प्रमाण-विचलन नुसते ०.५ धरले तरी हजारांतला तो एक मध्यम लांबीच्या स्लगच्या सुमारे ४.७ पट निघतो. वितरणाच्या शेपटीवर ज्याचे बांधकाम उभे आहे त्याने ती शेपटी कशाने घडते हे न विचारता राहणे मला धोक्याचे वाटते. आणि ती कशाने घडते हे ठाऊक आहे. मॉइसिस आणि ग्रिफिथ यांनी १९६२ सालीच दाखवले की आखूड स्लगच्या मागे येणारा बुडबुडा पुढच्या बुडबुड्याच्या मागे उठणाऱ्या खळबळीत सापडतो, म्हणून अधिक वेगाने धावतो. त्यामुळे आखूड स्लग आणखी आखडतो, शेवटी नाहीसा होतो, दोन बुडबुडे एक होतात आणि त्याचा द्रव इतर स्लगांच्या वाट्याला जातो. बार्निया आणि टाइटेल यांनी १९९३ साली हा एकच नियम घेऊन वाहिनीच्या तोंडाशी कशाही लांबीचे स्लग सोडले आणि वाटेत त्यांचे वितरण आपोआप घडताना दाखवले. अनियमिततेच्या पोटातला नियम तो हाच, आणि तो यांत्रिकीचा आहे.

तिसरा आक्षेप गणितज्ञांनीच आपल्या प्रतिपक्षाच्या हाती दिला आहे. वायू आणि द्रव यांना दोन स्वतंत्र प्रवाह मानून, दाब एकच धरून, लांबीच्या एकाच दिशेत लिहिलेली समीकरणे, दोहोंच्या वेगांतील अंतर एका मर्यादेबाहेर गेले की बिघडतात. त्यांची अभिलक्षणे वास्तव न राहता संमिश्र होतात, सर्वांत आखूड लाटा सर्वांत वेगाने वाढू लागतात, आणि संगणकावर जाळी जितकी बारीक करावी तितके उत्तर सुधारण्याऐवजी विस्कटते. १९७० च्या दशकापासून हा दोष सर्वज्ञात आहे आणि त्याची झाकपाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांनी जाळीची परीक्षा न करता अशा समीकरणांची रंगीत चित्रे प्रसिद्ध केली त्यांनी या विद्येचे नुकसानच केले. परंतु हा दोष कोणी शोधला? गणितानेच. आणि त्याची सीमाही गणितानेच आखली: कोणत्या वेगांपर्यंत समीकरणे निरोगी आहेत हे काढता येते, आणि त्या सीमेच्या आत राहून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील इस्सा आणि केम्फ यांनी २००३ साली, पुरेशी बारीक जाळी घेऊन, शांत थरांच्या प्रवाहातून लाट उठणे, ती छताला टेकणे आणि स्लग जन्मणे हे सारे समीकरणांतूनच, स्लगसाठी वेगळा हुकूम न देता, घडवून दाखवले. आपल्या राज्याची हद्द स्वतः सांगणारी विद्या आणि हद्दीचा प्रश्नच न उठवणारा ठोकताळा, यांत कोणावर विसंबावे?

अलीकडे हेच जुने मत नव्या पेहरावात येते: मोजमापांचा ढीग संगणकाला द्यावा, तो स्वतःच सूत्र शिकेल. ज्या वाहिनीची मोजमापे आहेत त्याच वाहिनीवर पाळत ठेवण्यासाठी ही रीत उपयोगी आहे, आणि मी तिच्या विरुद्ध नाही. पण हजार गुणांकांचे सूत्र झाले तरी ते सूत्रच. मोजमापे जेथून आली त्या क्षेत्राबाहेर त्याचा अंमल चालत नाही, आणि जी वाहिनी अजून बांधायचीच आहे तिची मोजमापे कोठून आणणार?

सर्वांत शेवटी रायझरचा, म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या उभ्या नळाचा, प्रश्न घेतो, कारण अनुभवाने जेथे वाद घातला तेथे गणिताने निकाल दिला याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. समुद्रतळावरची वाहिनी रायझरच्या पायथ्याकडे उतरती असली आणि प्रवाह मंद असला, तर पायथ्याशी द्रव साचतो, वायूची वाट बंद होते, रायझर द्रवाने भरत जातो आणि मागे वायूचा दाब चढत जातो. शेवटी वायू पायथा ओलांडून रायझरमध्ये शिरतो, वरचा स्तंभ हलका होतो, आणि रायझरभर द्रव एका झटक्यात वायू आणि द्रव वेगळे करणाऱ्या सेपरेटरमध्ये येऊन पडतो. मग पुन्हा भरणे सुरू. योकम यांनी १९७३ साली लिहिले की वरून दाब वाढवला तर हे थांबते, पण वाहिनीची क्षमता साठ टक्क्यांपर्यंत घटू शकते. पुढे टल्सा येथे श्मिट आणि त्यांचे सहकारी यांना प्रयोगांत आढळले की रायझरच्या माथ्यावरचा चोक व्हॉल्व्ह बेताने आवळला तर उत्पादन फारसे न गमावताही प्रवाह स्थिर होतो. दोन्ही बाजू अनुभवाच्या, दोघांचीही मोजमापे खरी. मग चालकाने व्हॉल्व्ह आवळावा की आवळू नये?

याचे उत्तर टाइटेल यांनी १९८६ साली एका छोट्या स्थैर्य-विचाराने दिले. समतोल स्थितीत रायझरमध्ये वायूचा एक लहानसा जादा घास शिरला असे समजा. त्याने स्तंभाचे वजन घटते. पण मागचा वायू प्रसरण पावल्याने त्याचाही दाब घटतो. वजन आधी घटले तर वायू धावत सुटतो आणि सारा द्रव उडवून देतो. दाब आधी घटला तर गडबड आपोआप शमते. चोक आवळलेला असला म्हणजे द्रव वेगाने निघू पाहताच माथ्यावरचा दाबही वाढतो, आणि तोल स्थैर्याच्या बाजूस झुकतो; त्यासाठी किती आवळावे हेही त्यातून निघते. शिवाय या विचारात मागे कोंडलेल्या वायूचे आकारमान, म्हणजे वाहिनीची लांबी, उघडपणे येते: वाहिनी जितकी लांब तितका दाब सावकाश घटतो आणि अस्थैर्य जितके प्रयोगशाळेतील आखूड नळात दिसले त्याहून अधिक बळावते. हे कोणत्याही प्रयोगशाळेने सांगितले नसते, कारण प्रयोगशाळेत कित्येक किलोमीटरची वाहिनी मावत नाही.

आता हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर आणून पाहा. बॉम्बे हायमध्ये पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. ८०० घनतेच्या तेलाने भरलेला तेवढा रायझर पायथ्यावर सुमारे ५.९ बार दाब टाकतो. क्षेत्र जुने होते तसा विहिरींचा दाब उतरतो, प्रवाह मंदावतो, आणि तेलाबरोबर येणारे पाणी वाढत जाते. स्तंभ निव्वळ खाऱ्या पाण्याचा झाला तर तोच आकडा साडेसात बारच्या जवळ जातो. म्हणजे भरणाऱ्या रायझरचे वजन अधिक वेगाने वाढणार आणि मागच्या वायूचा दाब पूर्वीपेक्षा सावकाश चढणार. तिकडे वाहिनी सुरू होताना फायलीत लिहिलेले ठोकताळ्याचे सूत्र जसेच्या तसे पडून राहणार, कारण त्यात यांपैकी एकाही गोष्टीला जागा नाही. रायझर असा भरू-रिकामा होऊ लागतो त्या सीमेकडे वाहिनी किती सरकली हे दरवर्षी पाहायला मोठा संगणकही लागत नाही. एका बाजूला वायूच्या दाबवाढीचा दर, दुसऱ्या बाजूला स्तंभाच्या वजनवाढीचा दर, एवढे दोन आकडे शेजारी मांडले की पुरते. आणि त्यासाठी लागणारे वायूचे नि द्रवाचे दर आणि सेपरेटरचा दाब प्लॅटफॉर्मवरच्या रोजच्या नोंदवहीत आधीच लिहिलेले असतात.